अतिशीत शोधक आणि मराठवाडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव परिसरातील सुमारे दहा हजार जीव घेतले. मदतकार्यास धावलेल्या स्वयंसेवकांना ते दिवस आजही आठवतात. त्यानंतरचे संशोधन मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना तेथील भेगेवर हेलियम वायूचे असाधारण प्रमाण आढळले होते. किल्लारीत सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली प्राचीन स्फटिकी खडक आहे. अशा खडकांतील युरेनियम, थोरियम यांचे विघटन होताना हेलियम जन्मतो.

ही किरणोत्सारिता नैसर्गिक आहे. तिचे भय नको, मोजमाप मात्र हवे. युरेनियमच्या वंशातील बिस्मथचे गॅमा किरण ६०९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, तर अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या सीझियमचे ६६२ चे. सोडियम आयोडाइडच्या साध्या शोधकाला हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात. अतिशुद्ध जर्मेनियमचा शोधक द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवला, की उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा गोंगाट शमतो आणि दोन्ही रेषा स्पष्ट वेगळ्या होतात. माती मुळातच तशी आहे की मानवाने दूषित केली, याचा निवाडा असा होतो. एरवी अफवा आधी पोहोचते.

१९९३ सालीच अमेरिकेच्या दडपणाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान नाकारले होते. जानेवारी २०१४ मध्ये 'इस्रो'ने स्वदेशी इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी करून त्यास उत्तर दिले. जर्मेनियम शोधकांसाठीही दीर्घकाळ परदेशाकडेच पाहावे लागले. भाभा अणुसंशोधन केंद्राने तोही देशात घडवून दाखवला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तर निरपेक्ष शून्याजवळ चालणाऱ्या कथिलाच्या शोधकाचे काम हाती घेतले.

पण हे सारे मुंबईत! 'लातूर पॅटर्न'ने डॉक्टर, अभियंते दिले; भौतिकशास्त्राकडे वळणारा गुणवंत विरळाच. नांदेडला १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र लातुरात आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अशा वेळी विद्यापीठात स्वदेशी शोधकाचे मोजमाप केंद्र उभारावे, ही मागणी येथील लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. द्रवरूप नायट्रोजन कोठून आणायचा, असे कुणी विचारील. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत तो कित्येक वर्षे पोहोचतोच आहे.