वेगाला जामीन कोण?

साठी ओलांडलेल्या माणसाने काय करावे आणि काय करू नये, याचा एक अलिखित नियमग्रंथ आपल्या समाजात आहे. त्याने सकाळी फिरायला जावे, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडावे, जमल्यास एखादा ज्येष्ठ नागरिक संघ काढावा आणि काढल्यावर त्यात भांडावे. मी बँकेत सदतीस वर्षे काढली आणि चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे माझ्याबाबतीत ‘आता आत्मचरित्र केव्हा?’ एवढाच प्रश्न उरला होता. अशा वेळी, २०२४ च्या जानेवारीत, डोक्याला हेल्मेट घालून चेन्नईजवळच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर मी स्वतःची गाडी पळवून आलो. हे कळल्यावर टेकडीवरच्या आमच्या मंडळाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर पूर्वी मी थकबाकीदारांसाठी राखून ठेवत असे. मंडळातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “रस्त्यावर माणसे काय कमी मरताहेत, म्हणून तुम्ही वेगाची शिकवणी लावलीत?”

प्रश्न खोचक होता, पण गैर नव्हता. त्याचे उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

२००४ साली मी पुण्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. वाहनकर्जाचे ते सुगीचे दिवस. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दोनच वर्षांपूर्वी पूर्ण झाला होता आणि संगणक कंपन्यांतली पंचविशीतली मुले पहिल्या बोनसबरोबर गाडीचे कोटेशन घेऊन आमच्याकडे येत. अशाच एका मुलाचे कर्ज मी मंजूर केले. त्याच्या पगाराच्या पावत्या तपासल्या, प्राप्तिकराची विवरणपत्रे पाहिली, वडिलांना जामीनदार घेतले, विमा उतरवून घेतला, आरसी बुकावर बँकेचा बोजा चढवला. कागद इतका चोख होता की ऑडिटरने त्या फाइलवर एक शेराही मारला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो मुलगा द्रुतगती मार्गावर गेला. वडील कर्ज मिटवायला आले. राहिलेली रक्कम त्यांनी चेकने भरली, बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ वर सही झाल्याची खात्री करून घेतली, आणि उठता उठता म्हणाले, “साहेब, पंचनाम्यात लिहिलंय, ब्रेकच्या खुणा लांबवर होत्या. म्हणजे ब्रेक तर त्याने दाबला होता. मग गाडी वळली का नाही?”

मला उत्तर येत नव्हते. मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

हा प्रश्न माझ्याकडे एकोणीस वर्षे अनामत राहिला. मी निवृत्त झालो, करोना आला-गेला, आणि एके दिवशी भाचा म्हणाला, “मामा, आमच्या क्लबाचा ट्रॅक डे आहे. तू नुसता बघायला चल.” त्याचा क्लब म्हणजे एकाच बनावटीच्या गाड्या बाळगणाऱ्या नोकरदार मुलांचे मंडळ. कोणी डॉक्टर, कोणी प्रोग्रॅमर, एक तर चक्क सनदी लेखापाल. माझीही गाडी योगायोगाने त्याच बनावटीची, नऊ वर्षांची जुनी. नुसते बघण्यासाठी साडेअकराशे किलोमीटर जाणे माझ्या हिशेबी स्वभावाला पटले नाही, म्हणून मी नाव नोंदवले. फीने पेन्शनचा चांगलाच लचका तोडला. पत्नी म्हणाली, “अहो, तीर्थयात्रेलाच जायचं तर रामेश्वरला जाऊ या की!”

श्रीपेरुंबुदूर म्हटले की आपल्याला १९९१ चा मे महिना आणि राजीव गांधींची हत्या आठवते. त्याच परिसरात इरुंगाट्टुकोट्टई येथे हा ट्रॅक आहे. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे बारा. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक. पूर्वी या मंडळींच्या शर्यती शोलावरमच्या दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर होत. १९९० पासून स्वतःचा ट्रॅक आला. यातली मौज पाहा. ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचा भव्य ट्रॅक बांधला गेला, फॉर्म्युला वन तिथे २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे आली आणि गेली. हौशी माणसांच्या क्लबाने उभारलेला मद्रासचा ट्रॅक मात्र तीन दशके ओलांडूनही चालू आहे. आपल्याकडे नाट्यसंस्था आणि वाचनालये जशी टिकली, तशीच ही गोष्ट.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तिथे पहिला नंबर नसतो, चषक नसतो, आमच्या क्लबात तर घड्याळही लावत नाहीत. सकाळी सातला गाड्यांची तपासणी झाली. टायर, चाकांचे नट, ब्रेक ऑइल, बॅटरीची पट्टी, सगळे पाहिले गेले. गाडीत सुटी वस्तू नको, म्हणून माझ्या डिकीतून एक छत्री, सतरंजी आणि माझ्याच कादंबरीच्या न खपलेल्या सहा प्रती बाहेर निघाल्या. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढावा लागला. तो मी खिशात ठेवला. मग जोखीमपत्रावर सही. माझ्या मागची मुले न वाचता सह्या करत होती. मी बारीक टायपातले प्रत्येक कलम वाचले आणि रांग खोळंबवली. वाहन विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नाही, हे मला ठाऊक होते. म्हणजे गाडी ठोकली तर खर्च माझा. ही जाणीव पाय हलका ठेवायला फार उपयोगी पडते.

त्यानंतर झेंड्यांचा पाठ. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचे नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. लाल म्हणजे सगळे थांबवून सावकाश परत. काळा झेंडा दाखवून तुमचा नंबर धरला की मुकाट्याने आत यायचे आणि बोलणी खायची. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हाताने वाट दिली तर. रुग्णवाहिका जागेवर नसेल तर एकही गाडी सुटत नाही. आणि अख्ख्या दिवसात मला एकही हॉर्न ऐकू आला नाही. ज्यांना आपण वेगवेडे म्हणतो, ती माणसे तिथे एकमेकांना वाट देत होती. मला लक्ष्मी रस्ता आठवला आणि लाज वाटली.

ट्रॅकवर सोडण्यापूर्वी नवशिक्यांना एका मोकळ्या जागेत शंकू मांडून ब्रेक लावायला शिकवतात. मी मनात हसलो. लायसन्स मला १९८४ साली मिळाले होते, एका मैदानात गाडी थोडी पुढे आणि थोडी मागे घेऊन. तेव्हापासून चाळीस वर्षे मी ब्रेक लावतच होतो. शेजारी बसलेले तमिळ शिक्षक म्हणाले, “सर, ऐंशीवर न्या आणि पूर्ण जोराने दाबा.” मी दाबला. पायाखाली पेडल थरथरू लागले, खडखडाट झाला, आणि काहीतरी मोडले असे समजून मी पाय उचलला. गाडी शंकू पाडून पुढे गेली. शिक्षक शांतपणे म्हणाले, “पाय काढायचा नाही. ती एबीएस यंत्रणा आहे. चाके जाम होऊ नयेत म्हणून ती काम करते आहे. तुम्ही नेमके तेव्हाच तिला सोडून दिलेत.” चाळीस वर्षांत मी एकदाही ब्रेक पूर्ण दाबला नव्हता, हे मला त्या शंकूंनी सांगितले. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे. पण पेडल थरथरले तर घाबरू नका, एवढे तरी किती खरेदीदारांना कोणी सांगितले असेल?

मग त्यांनी टायरचा हिशेब समजावला, आणि तो मला लगेच कळला, कारण तो बँकेचाच होता. टायरला रस्त्याची पकड असते, ती एक मर्यादित शिल्लक समजा. तिच्यातूनच ब्रेकला द्यायचे, तिच्यातूनच वळायला द्यायचे. सगळी शिल्लक ब्रेकवर उडवलीत तर वळण्याचा चेक परत येणार. इथे ओव्हरड्राफ्ट नाही. म्हणून वेग सरळ रेषेत असतानाच कमी करायचा, मग ब्रेक सोडत सोडत वळायचे, आणि नजर जिथे जायचे आहे तिथे ठेवायची. मी विचारले, “आणि एबीएस नसलेली जुनी गाडी असेल तर?” ते म्हणाले, “जोरात दाबला की चाके जाम होतात. जाम झालेले चाक फक्त घसरते. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. त्या वेळी ब्रेक थोडा सोडावा लागतो. पण घाबरलेला माणूस सोडत नाही, सर. तो आणखी दाबतो.”

लांबवर गेलेल्या त्या खुणांचा अर्थ मला तिथे कळला. त्या मुलाच्या गाडीला एबीएस नव्हते. मी काच खाली केली आणि थोडा वेळ काही बोललो नाही. शिक्षकांना वाटले, म्हाताऱ्याला गरगरले असावे.

दिवसभरात मी पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या केल्या. आनंद झाला नाही म्हणणे ढोंग ठरेल. सरळ पट्ट्यावर काटा दीडशेकडे सरकतो, पहिले वळण अंगावर येते, आणि त्या दोन-तीन सेकंदांत पेन्शन, रक्तदाब, अपुरी कादंबरी यांपैकी काहीही जगात उरत नाही. पण तिसऱ्या फेरीत ब्रेक तापून मऊ पडले, पेडल खोल जाऊ लागले, आणि यंत्रालाही थकवा येतो हे कळले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. शाळेत घोकलेले हे सूत्र मला चौसष्टाव्या वर्षी पोटरीत समजले.

आता प्राध्यापकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अशा शिकवणीने माणूस शहाणा होतोच असे नाही. नॉर्वेमध्ये तरुण चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. कौशल्य थोडे वाढले की आत्मविश्वास त्याच्या चौपट वाढतो. माझेच पाहा. परत येताना कर्नाटकातल्या एका वळणावर मी ट्रॅकवरची रेषा पकडली आणि एका टेम्पोला कापत पुढे गेलो. पत्नी बेंगळुरूला बहिणीकडे राहून पुन्हा आमच्या गाडीत आली होती. ती एवढेच म्हणाली, “अहो, इथे झेंडा दाखवायला कोणी उभं नाहीये.” उरलेला रस्ता मी उजवी मार्गिका सोडून काढला.

तिच्या त्या वाक्यात सगळा फरक आहे. ट्रॅकवर सगळे एका दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही, म्हातारी रस्ता ओलांडत नाही, चुकलात तर पुढे मोकळी जागा असते, आणि तिथे आलेल्या प्रत्येकाने जोखमीवर सही केलेली असते. रस्त्यावर अशी सही कोणीच केलेली नसते. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात एका महागड्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्यांनी कुठल्या जोखीमपत्रावर सही केली होती? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खात्यात झाली. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. ज्याला वेगाची हौस आहे त्याने ती ट्रॅकवर फेडावी आणि तिथेच ठेवून यावी.

पण मला म्हणायचे आहे ते हौशीबद्दल नाही. ट्रॅकचा खर्च मोजक्यांनाच परवडणार, आणि तो प्रत्येकाने करावा असे मी म्हणणार नाही. मी तिथे जे शिकलो त्यातले नव्वद टक्के त्या शंकूंच्या मैदानात शिकलो, आणि त्याला पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक लागत नाही. एक मोकळे मैदान, वीस शंकू, एक जाणता शिक्षक आणि अर्धा दिवस पुरतो. लायसन्स देताना माणसाला एकदा तरी ऐंशीच्या वेगावरून गाडी थांबवायला लावा. शिकवायचे ते गाडी सांभाळण्याचे कसब नव्हे. आपली गाडी आपल्याला वाटते तिथे थांबत नाही, त्याच्या बरीच पुढे थांबते, हे त्याला एकदा दिसू द्या. नॉर्वेचा धडाही हाच आहे असे मी मानतो. हुशारी शिकवू नका, मर्यादा दाखवा.

आम्ही बँकवाल्यांनी कर्जाच्या अर्जात पगार विचारला, पत्ता विचारला, जामीनदार मागितला. हप्ता थकला तर काय, याची तजवीज केली. माणूस थांबू शकतो का, हा रकाना अर्जात नव्हताच, आणि तो असावा असे मलाही कधी वाटले नाही.

त्या मुलाच्या वडिलांकडे जावे, असे परतल्यावर दोन-तीनदा मनात आले. पत्ता अजून लक्षात आहे. पण एकोणीस वर्षांनी दारात उभे राहून टायरचा हिशेब सांगण्याने त्यांचे कुठले खाते मिटणार होते? मी गेलो नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाने नवी गाडी घेतली, पेढे द्यायला आला. मी पेढा घेतला आणि म्हणालो, “रविवारी पहाटे गाडी घेऊन ये. गावाबाहेर एक मोकळं मैदान आहे. तुला ब्रेक दाबायला शिकवतो.” तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

रविवारी मी शंकू घेऊन जाणार आहे.