एक नंबरचा प्रश्न

शाळेत असताना करंगळी वर केली की काम व्हायचं. मोठे झालो, गळ्यात आय-कार्ड लटकवून मीटिंगला बसायला लागलो आणि 'लघवी' हा शब्दच आपल्या डिक्शनरीतून गायब झाला. 'वॉशरूमला जाऊन येते', 'जरा फ्रेश होतो', असलं काहीतरी. चालायचंच! पण हॉस्पिटलमध्ये हा संकोच महागात पडतो, बॉस.

आपल्या वयाचा हा नवा ओव्हरटाइम आहे. दिवसभर ऑफिस आणि रात्री घरातल्या कुणाच्या तरी ऑपरेशननंतर कॉटशेजारी बाकड्यावर मुक्काम. माझी ड्युटी लागली होती काकांजवळ. हर्नियाचं ऑपरेशन, कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केलेला. रात्री दहाच्या सुमारास काकांची चुळबुळ सुरू झाली. घाम काय, चिडचिड काय! काकूंना वाटलं, टाके दुखताहेत. पेनकिलर मागायला त्या निघाल्याच होत्या, तेवढ्यात सिस्टर आल्या. पहिलाच प्रश्न, "काका, ऑपरेशननंतर लघवी झाली का?"

काका माझ्याकडे बघून गप्प. मग पुटपुटले, "थोडी थोडी होतेय."

सिस्टरनी मला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि बेंबीखाली हात ठेवून बघितलं. ओटीपोट फुगून टणक झालेलं. काकांना आधार देऊन उभं केलं, हातात पॉट दिलं, बेसिनचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने कधीकधी काम होतं. या वेळी झालं नाही. मग डॉक्टरांना फोन, कॅथेटर, आणि बॅगेत तब्बल 800 मिली! एरवी 400-500 मिलीलाच आपण बाथरूमकडे पळतो. पाच मिनिटांत काका घोरायला लागले.

सकाळी चहाच्या कपावर सिस्टरनी माझा क्लासच घेतला. भुलीमुळे मूत्राशयाचा 'भरलंय' हा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. वरून सलाइन चालूच. मॉर्फिनसारखी पेनकिलर्स, बद्धकोष्ठता आणि पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट, सगळे मिळून लघवी तुंबवतात. 'थोडी थोडी होतेय' हे उत्तर सगळ्यात फसवं, कारण भरलेली टाकी नुसती ओसंडत असते. म्हातारी माणसं तर दुखतंय असंही सांगत नाहीत, एकदम असंबद्ध बोलायला लागतात. मूत्राशय फार वेळ ताणलेलं राहिलं तर त्याचा स्नायू कमकुवत होतो. मोठ्या हॉस्पिटलांमध्ये किती लघवी साठलीय हे दाखवणारा स्कॅनर असतो. बाकी ठिकाणी सिस्टरचा हात आणि चार्ट.

मग सगळ्यांनाच नळी का नाही घालत? कारण इन्फेक्शन. नळी जितके दिवस आत, तितका धोका वाढत जातो. म्हणून गरज संपली की ती काढायची आणि काढल्यावर सहा-आठ तासांत पेशंटला आपली आपण लघवी होतेय ना, यावर पुन्हा लक्ष ठेवायचं.

यात आपलंही काम आहे. पॉट परस्पर रिकामं करू नका. त्यावर मिलीच्या खुणा असतात. आकडा आणि वेळ मोबाइलमध्ये टिपा, सिस्टरना सांगा. भेटायला आलेल्या मंडळींना जरा बाहेर पिटाळा, सहा जणांसमोर कुणाला होणार? ऑपरेशनला सहा तास उलटले आणि काहीच झालं नसेल तर स्वतःहून विचारा. घरी आल्यावर प्रोस्टेटचा त्रास असलेल्या बाबांना सर्दीची गोळी मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका, त्यातल्या काही औषधांनीही लघवी अडते.

रात्री अख्ख्या वॉर्डला दोनच सिस्टर असतात. तुम्ही टिपलेला एक आकडा त्यांना बरंच काही सांगून जातो.