आधी कवी, मग हुतात्मा

गुस्ताफ मुंक-पेटरसन या डॅनिश कवी-चित्रकाराचं नाव निघालं की लोक थेट स्पेनच्या यादवी युद्धावर जातात. फ्रँकोविरुद्ध लढायला गेला, १९३८मध्ये मारला गेला, वय अवघं सव्वीस. संपलं चरित्र! माझा आक्षेप इथंच आहे. मरणाच्या उजेडात वाचली की प्रत्येक ओळ भविष्यवाणी वाटू लागते.

मी स्वतः लिनोकट करतो, म्हणून मला त्याचा १९३७चा एकोणीस कवितांचा संग्रह जवळचा. त्यासाठी त्यानं स्वतः लिनोकट केले. थंडीत लिनोलियम कडक होतं, हत्यार घसरतं, आणि एकदा उडालेला कपचा परत बसत नाही. शिवाय सगळं उलटं कोरायचं. स्वप्नाळू म्हणवल्या जाणाऱ्या सर्रिअलिस्टाला असं चिकाटीचं काम आवडावं, याची मला गंमत वाटते.

पहिला संग्रह, ‘नग्न माणूस’, १९३२चा. तेव्हा तो विशीत होता. रोमन लिपीतली मोठी (कॅपिटल) अक्षरं त्यानं सरळ रजेवर धाडली. पुढे बोर्नहोल्म बेटावर, कुंभकारांच्या घराण्यातल्या लिस्बेथ योर्थशी संसार मांडला. १९३७मध्ये मुलगी उर्सुला जन्मली आणि त्याच वर्षाअखेरीस हा स्पेनला निघाला. याला शौर्य जरूर म्हणा, पण तान्ह्या लेकीसह मागं राहिलेल्या लिस्बेथला कौतुकाच्या लेखांत एक वाक्यही मिळू नये, हे मला खटकतं. उर्सुलाही पुढे नामांकित कुंभकार झाली. तिच्या नावाची भांडी रॉयल कोपनहेगननं बाजारात आणली.