शांततेची प्रतिज्ञा आणि शांततेचे काम

दरवर्षी २० ऑगस्टला सद्भावना दिन येतो. शाळा-महाविद्यालयांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून हात पुढे करून प्रतिज्ञा घेतली जाते, छायाचित्र निघते, अहवालात एक ओळ वाढते. २०१३ साली याच तारखेला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात गोळ्या झाडून खून झाला. दाभोलकर साताऱ्याचे, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. म्हणजे आमच्या दोन्ही जिल्ह्यांचे. त्यानंतरही प्रतिज्ञा त्याच सुरात म्हटली जाते. तिच्या मजकुराशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते शांतता ही उच्चारण्याची गोष्ट आहे या समजुतीशी. आणि ही समजूत सर्वांत जास्त कुणी जोपासली असेल, तर ती मराठीच्या वर्गांनी.

संतसाहित्यावरील कोणतीही उत्तरपत्रिका उघडावी. 'समतेचा संदेश', 'मानवतेचा संदेश', 'विश्वबंधुत्वाचा संदेश'. जणू आठशे वर्षे ही मंडळी तारखात्यात नोकरीला होती! संदेश पोचला की गुण मिळतात आणि विषय संपतो. वर्तमानपत्रांचेही तेच. वाळवा तालुक्यातील गोटखिंडीच्या मशिदीत गणपती बसतो, ही बातमी दर गणेशोत्सवात 'अनोखा एकोपा' म्हणून छापून येते. बातमी खरी आहे, मथळा खोटा आहे. गावात सांगतात ती हकीकत अगदी साधी आहे. १९६१ साली मोठा पाऊस झाला, मूर्ती भिजू लागली, आणि मुसलमान शेजाऱ्यांनी ती मशिदीत हलवायला सांगितले. पुढे १९८० साली मंडळ उभे राहिले आणि प्रथा रुळली. यात संदेश कुठे आहे? पाऊस आहे, छप्पर आहे आणि शेजारी आहेत.

तरीही या हकीकतीतला एक भाग बातमीत कधी येत नाही, आणि आमच्या मते तोच खरा. मूर्ती आत घ्या म्हणणाऱ्याला आधी आपल्याच चार माणसांची तोंडे पाहावी लागली असणार. तिथे न्यायला कबूल होणाऱ्यालाही आपल्या घरातल्यांना उत्तर द्यावे लागले असणार. परक्याशी गोड बोलणे सोपे असते. ईदेचा शीरखुर्मा खाऊन आणि दिवाळीचा फराळ पाठवून ते भागते. अवघड असते ते आपल्याच पंगतीत बसून आपल्याच माणसाला 'हे बरोबर नाही' म्हणणे. सामान्य माणसाच्या हातात शांततेसाठी काही असेल तर ते मुख्यतः एवढेच आहे.

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव जमला, मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण मारला गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. २००९ च्या सप्टेंबरमध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली. हीच मिरज सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची, अब्दुल करीम खाँसाहेबांची, मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाची. तेव्हा 'आमच्याकडे थोर परंपरा आहे' हे वाक्य पुरेसे नाही. परंपरा आपोआप काम करीत नाही. मजकूर पुढे ढकलण्याआधी, जमाव गल्लीतून बाहेर पडण्याआधी काही क्षण असतात, आणि त्या क्षणी तिथे ओळखीचीच माणसे असतात. पोलीस येतात ते नंतर. शांतता समितीची बैठक तर त्याहूनही नंतर.

इथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. राज्यात अनेक ठिकाणी मुसलमानांनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे ढकलली, सरकारनेही सुट्टी २९ तारखेला दिली. त्याच्या दोन-तीन महिने आधी, आषाढी एकादशीला बकरी ईद आली तेव्हा अनेक गावांत कुर्बानी पुढे ढकलली गेली होती. हे सारे कौतुकाचेच. परंतु दर वेळी सरकायचे कुणी, हा प्रश्न आमच्या संपादकीयांना पडत नाही. संख्येने थोडे असलेल्यांच्या समजूतदारपणावर जी शांतता उभी आहे, तिला एकोपा म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटलांकडे शब्दांपेक्षा स्वयंपाकघर होते. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. ज्या काळात पाण्याच्या भांड्यालाही जात होती, त्या काळातली ही गोष्ट. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. परक्यांशी भांडणे त्या दोघांना फारसे जड गेले नसेल. जड गेले असणार ते स्वतःच्या नातेवाइकांना तोंड देणे.

साहित्याच्या अभ्यासकांना याच मातीतला दाखला द्यायचा तर व्यंकटेश माडगूळकरांचा द्यावा. 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर पत्रे लिहून देतो, लोकांची बाहेरची कामे करतो, सगळ्या वाडीला तालीम बांधायला लावतो. चांगुलपणा करतानाही तो कारभाऱ्याच्या रोषाला पात्र होतो. त्याच लेखकाने गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीवर 'वावटळ' लिहिली. १९४८ च्या त्या दिवसांत या मुलुखातली ब्राह्मणांची घरे जाळणारे कुठून परग्रहावरून आले नव्हते. ती बनगरवाडीसारख्याच गावांतली माणसे होती, आणि काही घरे वाचली तीही तशाच माणसांमुळे. या दोन कादंबऱ्या आमच्याकडे वेगवेगळ्या कप्प्यांत शिकवल्या जातात. पहिली ग्रामीण साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत येते, दुसरी बहुधा संदर्भग्रंथांच्या यादीत पडून राहते.

त्या एकाच सत्रात, एकामागून एक शिकवाव्यात. 'लेखकाने दिलेला संदेश स्पष्ट करा' हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी विचारावे: कोणत्या प्रसंगी कोण कुणाला अडवू शकला असता, आणि अडवल्यावर त्याचे गावात काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही. विद्यार्थ्याला ते घरी जाऊन आजोबांना विचारावे लागेल, आणि काही घरांत आजोबा उत्तर देणार नाहीत.