लघवीतील रक्त : एकदाच दिसले तरी

लघवी लाल झाल्याचे घरातील वडीलधारी मंडळी सहसा कोणाला सांगत नाहीत. दुखत काहीच नाही, दोन दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ होते आणि ‘उष्णता वाढली असेल’ या समजुतीवर विषय संपतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वाधिक आढळणारे पहिले लक्षण मात्र हेच आहे : वेदनेविना येणारे आणि आपोआप थांबणारे रक्त. ते थांबले म्हणजे आजार गेला, असे नव्हे.

प्रत्येक वेळी कारण कर्करोगच असते असे नाही. जंतुसंसर्ग, मुतखडा, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी यांमुळेही रक्त येते. बीट खाल्ल्याने नुसता रंगही बदलतो. म्हणून पहिली पायरी साध्या लघवी तपासणीची. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तपेशीही तीत कळतात.

पुढची तपासणी युरिन सायटॉलॉजी. मूत्राशयाच्या अस्तरातील पेशी सतत गळून लघवीत येत असतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखण्याची पद्धत पापानिकोलाउ आणि मार्शल यांनी १९४५ मध्ये मांडली. ना सुई, ना नळी, ना वेदना. या तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी सहसा घेत नाहीत, कारण रात्रभर साचलेल्या लघवीत पेशी खराब होतात. त्यानंतरच्या वेळची लघवी घेऊन नमुना प्रयोगशाळेत लवकर पोहोचवावा. लघवीतील विशिष्ट प्रथिने किंवा पेशींच्या गुणसूत्रांतील बदल शोधणाऱ्या नव्या चाचण्याही आता उपलब्ध आहेत.

या चाचण्यांची मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. आक्रमक कर्करोगाच्या पेशी सायटॉलॉजीत बहुधा ओळखू येतात. संथ वाढणाऱ्या गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसत असल्याने निसटतात. उलट, संसर्ग किंवा खडा असल्यास काही नव्या चाचण्या कर्करोग नसतानाही सदोष निष्कर्ष देतात. त्यामुळे रक्त दिसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीचा लघवीचा अहवाल निर्दोष आला, तरी मूत्ररोगतज्ज्ञांनी सुचवलेली सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी टाळू नये. लवचीक दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहण्यास काही मिनिटेच लागतात. बधिरता आणणारी जेली पुरेशी होते, पूर्ण भूल द्यावी लागत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून रक्त आले, असे गृहीत धरू नये. तपासणी तरीही करावी आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. स्त्रियांमध्ये वारंवार ‘संसर्ग’ म्हणून प्रतिजैविके दिली जातात. उपचारानंतर लघवी पुन्हा तपासून रक्त खरोखर गेले का, ते पाहावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, अगदी पूर्वी ओढून सोडली असली तरी, अधिक सावध राहावे. धुरातील विषारी द्रव्ये मूत्रपिंडांवाटे मूत्राशयातच येऊन साठतात.

अस्तरापुरती मर्यादित गाठ दुर्बिणीतून काढता येते. ती स्नायूपर्यंत पोहोचली, तर कित्येकदा मूत्राशयच काढावे लागते. या दोहोंमधील अंतर अनेकदा संकोचाने गमावलेल्या काही महिन्यांचे असते. म्हणून ‘लघवीचा रंग कसा आहे?’ हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारला जावा.