शुद्ध भाषा आणि अमीन सयानी

अमीन सयानींचे नाव निघाले की आधी कौतुक होते ते त्यांच्या आवाजाचे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले, तेव्हाही सगळीकडे आवाजाचीच चर्चा झाली. मला मात्र वाटते, आवाज ही देणगी. त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांची भाषा. आणि गंमत बघा, याच भाषेपायी त्यांना एकदा परत पाठवले होते!

त्यांचा जन्म १९३२ चा, मुंबईतला. सुरुवातीचे शिक्षण गुजरातीतून. थोरले बंधू हमीद सयानी यांच्यामुळे लहानपणीच इंग्रजी कार्यक्रमांत बोलू लागले. पुढे आकाशवाणीत हिंदी निवेदनासाठी चाचणी दिली, तर उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे म्हणून नापास. हे ते स्वतःच सांगत असत.

पण खरी शाळा घरातच होती. आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. गांधीजींना हवी तशी सोपी हिंदुस्थानी. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. अमीन त्या कामात आईला मदत करत. नुकत्याच वाचायला शिकलेल्या माणसाला कुठे अडणार नाही असे वाक्य लिहिणे किती कठीण असते, ते पहिली-दुसरीला शिकवलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा!

१९५२ साली आपले पुण्याचे बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. अभिरुची बिघडते म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. मग कित्येक वर्षे दर बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या कोल्हापुरातही गल्लीत एकच आवाज. शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकाने जे साधले नाही ते त्या तासाने साधले. गाण्याच्या क्रमांकाला त्यांनी 'पायदान' म्हटले. साधा शब्द, पण गाणे एकेक पायरी चढताना डोळ्यांसमोर दिसायचे.

हे सगळे आज आठवायचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे अजूनही 'न' आणि 'ण' वरून माणसाची किंमत ठरते. कोल्हापूरची मुलगी 'मी येतो' म्हणाली की पुण्या-मुंबईत हसतात. वक्तृत्व स्पर्धेत खेड्यातल्या पोराचा मुद्दा कितीही चोख असो, एक 'आनि' तोंडातून गेला की गुण कापले! असे दोन-तीनदा झाले की ते पोर बोलायचेच थांबते. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण बोलायला घाबरणारी मुले त्या दर्जाचे काय करणार?

हे फक्त आपल्याकडेच चालते असेही नाही. १९४१ मध्ये बीबीसीवर विल्फ्रेड पिकल्स यांनी आपल्या यॉर्कशायरच्या बोलीच्या हेलात बातम्या वाचल्या, तर केवढी कुरकुर झाली. पुढे त्यांचाच 'हॅव अ गो' हा कार्यक्रम वीसेक वर्षे चालला.

कुणी म्हणेल, मग काय कसेही बोलायचे? अजिबात नाही. शब्द स्पष्ट हवा, वाक्य पुरे हवे, ऐकणाऱ्याविषयी आदर हवा. सयानींनी यासाठी जन्मभर मेहनत घेतली. पण स्पष्ट बोलणे वेगळे आणि एखाद्या गावाचे, एखाद्या घराचे बोलणे वेगळे. पहिले शिकवता येते. दुसऱ्याची लाज वाटायला लावू नये. चाचणी घेणाऱ्यांनी उच्चार मोजले, श्रोत्यांनी जिव्हाळा मोजला.

शेवटी काय झाले? १९८८ पर्यंत सिलोनवर गाजलेली ती गीतमाला १९८९ मध्ये आकाशवाणीच्याच विविध भारतीवर आली. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. सयानींना दुसरे दार सापडले, म्हणून हे घडले. सगळ्यांना सिलोन सापडत नाही.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या स्पर्धेत परीक्षकांनी गुण मांडण्यापूर्वी शेवटच्या रांगेतल्या मुलाला विचारावे, 'काय कळले रे तुला?' त्याला नीट सांगता आले, तर बोलणाऱ्याची भाषा शुद्धच समजावी.