वेष एकाचा, परीक्षा पाहणाऱ्याची

नाथांचे भारूड रंगविताना मी तरुणपणी कित्येकदा लुगडे नेसून उभा राहिलो आणि श्रोत्यांनी मला भक्तिभावाने हात जोडले. परंतु गतवर्षी नातवाने आजीचे लुगडे नेसून आरशासमोर फेर धरला, तेव्हा मी त्याच्यावर डाफरलो. त्या रात्री तो जेवावयास आला नाही.

पुढे नातीने मला जेन वांग या लेखिकेची २०१८ मधील एक परदेशी चित्रकथा वाचून दाखविली. पॅरिसमध्ये राहणारा राजपुत्र सेबास्टियन, फ्रान्सेस नावाच्या मुलीने शिवलेले स्त्रीवेष लेऊन रात्री नगरात वावरतो. गुपित फुटते, त्याची मानहानी होते; पण अखेरीस पिता राजा स्वतः तसाच वेष धारण करून सर्वांसमोर चालतो.

मला विराटपर्व आठवले. विजयाचे श्रेय कंकाने बृहन्नडेस देताच विराटाने संतापून त्याच्या तोंडावर फासा मारला. ती बृहन्नडा म्हणजे अर्जुन, हे कळल्यावर मात्र त्याने सन्मान केला. पराक्रम पाहून मान देणे हा व्यवहार झाला. वडीलधाऱ्यांची माया पुराव्याची वाट पाहत नाही.

विटेवरच्या विठ्ठलाला आपण माउली म्हणतो. पुरुषरूपात आई पाहणारी ही दृष्टी आषाढीपुरती मंडपात ठेवू नये, घरीही न्यावी. भारुडासाठी शिकलेल्या निऱ्या यंदा मी नातवाला घालून देणार आहे.